ट्रकच्या कॅन चिपमधील व्होल्टेज रेग्युलेटर

प्रश्न : भिवंडीच्या गोदामांतून माल नेणाऱ्या २४ व्होल्टच्या ट्रकमधील ट्रॅकिंग युनिटसाठी यूजेए ११६९ ही चिप वापरल्यास तिचे रेग्युलेटर कसे योजावेत? – एक वाचक, भिवंडी

उत्तर : एनएक्सपी कंपनीच्या या चिपमध्ये कॅन बसवर, म्हणजे वाहनातील यंत्रणांना जोडणाऱ्या संदेशवाहिनीवर, संदेश पाठवणाऱ्या व घेणाऱ्या ट्रान्सीव्हरसोबत दोन रेग्युलेटर असून, व्ही१ मायक्रोकंट्रोलरला, तर मूळ प्रकारात व्ही२ ट्रान्सीव्हरला वीज पुरवतो. व्ही२ कोणत्या अवस्थेत चालू राहावा हे एसपीआय जोडणीतून नियंत्रण रजिस्टरमध्ये लिहावे लागते. तो बंद राहिल्यास, तारा निर्दोष असूनही, संदेश बाहेर पडत नाहीत.

खरी चिंता मात्र उष्णतेची आहे. हे रेग्युलेटर रेषीय, म्हणजे जादा व्होल्टेज उष्णतेच्या रूपाने घालवणारे, असल्यामुळे २८ व्होल्टचे ५ व्होल्ट करताना १०० मिलिअँपिअरला २.३ वॉट उष्णता निर्माण होते. १४ व्होल्टच्या गाडीत ती ०.९ वॉट असते. व्ही१चा भार बाहेरील पीएनपी ट्रान्झिस्टरवर वाटता येतो, परंतु बॅटरीची तार अचानक सुटल्यास ट्रकमध्ये उसळणारे व्होल्टेज चिपची ४० व्होल्टची कमाल मर्यादा सहज ओलांडू शकते. म्हणून झटके शोषणारे संरक्षक मंडल आणि १२ व्होल्ट देणारा स्विचिंग कन्व्हर्टर यांच्यामागेच ही चिप बसवावी.