जुन्या पिकअप मोटारीचा जीर्णोद्धार

यंत्र वापरल्याने झिजते हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु न वापरल्याने ते कित्येकदा अधिक लवकर बिघडते, ही गोष्ट सहसा कोणी ध्यानात घेत नाही. चालत्या मोटारीत तेल सर्व भागांवर पसरत राहते, आत साठलेला दमटपणा उष्णतेने उडून जातो. तीच मोटार दहा वर्षे एका जागी उभी राहिली म्हणजे तेल खाली उतरते, ओल आत शिरते, रबर कडक होऊन तडकते आणि विजेच्या तारांवरील आवरण हे उंदरांचे खाद्य होऊन बसते. अशी एक पडीक मोटार घरच्या घरी पुन्हा चालती कशी करता येते, आणि ते करताना कोणता क्रम पाळला पाहिजे, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत. हा विचार केवळ पुस्तकी नव्हे. मलकपेठेत आमच्या घराशेजारच्या आवारात अशी एक पिकअप उभी होती. शेजारचे काका, वरच्या वर्गातील चार विद्यार्थी व आम्ही मिळून गेल्या वर्षातील बहुतेक रविवार तिच्यासाठी खर्ची घातले.

गाडी महिंद्रा कंपनीची, 1969 सालची. या कंपनीचा इतिहास विद्यार्थ्यांनी जाणून घेण्यासारखा आहे. 1945 साली जगदीशचंद्र व कैलासचंद्र महिंद्रा या बंधूंनी गुलाम महंमद यांच्यासह पोलादाच्या व्यापारासाठी ती स्थापन केली. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानात गेले, तेथे प्रथम अर्थमंत्री व पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे 1948 साली कंपनीचे नाव बदलून ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाले. अमेरिकेतून सुटे भाग आणून माझगाव येथे विलिस जीप जोडण्याचे काम सुरू झाले. त्याच जीपच्या कुळातील ‘एफसी’ ही पुढे सपाट तोंडाची मालवाहू मोटार 1965 पासून आपल्याकडे तयार होऊ लागली. तिचे इंजिन नाकापुढे नसून चालकाच्या बैठकीशेजारी, एका पत्र्याच्या झाकणाखाली असते. त्यामुळे गाडी आखूड व माल ठेवण्याची जागा मोठी. उन्हाळ्यात चालकाचे काय होत असेल, याचा मात्र कारखानदारांनी फारसा विचार केलेला दिसत नाही!

काकांचे वडील या गाडीतून मलकपेठेच्या बाजारातील कांदा शहरातील दुकानांना पोहोचवीत. ते गेल्यानंतर गाडी उभी राहिली ती राहिलीच. त्यात ऑक्टोबर 2020 मध्ये हैदराबादेत अतिवृष्टी झाली, मुसीला पूर आला, मूसारामबागचा पूल पाण्याखाली गेला; आमच्या बाजूच्या सखल गल्ल्यांतही पाणी शिरले. गाडीची चाके अर्धी बुडाली. पाणी ओसरल्यावर चाकांवर राहिलेली मातीची रेघ पुढे कित्येक महिने कोणी पुसली नव्हती.

येथे एक गंमत सांगण्याजोगी आहे. आमच्या पेठेत ‘गंज’ म्हटले की धान्याचा बाजार डोळ्यांपुढे येतो. मराठीत गंज म्हणजे लोखंडाला चढणारा तांबूस थर. काकांच्या गाडीने एका गंजातून निघून दुसऱ्या गंजात मुक्काम केला, असे म्हणावयास हरकत नाही. लोखंड, हवेतील प्राणवायू व पाणी ही तीन एकत्र आल्याशिवाय गंज चढत नाही, आणि मीठ असले तर तो झपाट्याने वाढतो. आम्ही कोंकणी बोलणारी, समुद्रकाठची माणसे. आमच्या गावी खाऱ्या वाऱ्यात दाराची कडीदेखील फार काळ धड राहत नाही. दख्खनच्या कोरड्या हवेत ही गाडी वाचली, कोकणात तिची चौकट उरली नसती. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने ठोकून पाहता चौकट खणखणीत वाजली. केबिनचा तळ मात्र पापडासारखा मोडला.

भंगारवाला वजनावर भाव देऊन गेला होता. काकांच्या चिरंजीवांचे मत गाडी द्यावी असे होते, आणि हिशेबाने पाहिले तर त्यांचेच बरोबर होते. दुरुस्तीचा खर्च अशा गाडीतून कधी वसूल होत नाही, हे आम्ही प्रांजळपणे सांगतो. काका म्हणाले, “मास्तर, एकदा चालू होते की नाही तेवढे पाहू, मग देऊन टाकू.” त्यांच्या बोलण्याचा रोख आम्हांस कळला. वडिलांच्या हाताची वस्तू न चालताच दारातून ओढून नेली जावी, हे त्यांना पाहवत नव्हते.

विद्यार्थ्यांचा उत्साह अर्थातच इंजिनासाठी होता. आवारापासून हमरस्त्यापर्यंत उतार आहे. नवी बॅटरी जोडून, गाडी ढकलून ‘स्टार्ट’ करावी असा बेत त्यांनी पहिल्याच रविवारी मांडला. सल्ल्यासाठी बोलाविलेले वृद्ध मिस्त्री, ज्यांना सारी गल्ली उस्ताद म्हणते, ते खाली वाकून चाकांकडे पाहत राहिले व म्हणाले, “मियाँ, पहले रोकने का बंदोबस्त करो.” चाकांना चारी बाजूंनी दगड लावून आम्ही प्रथम ब्रेक उघडले.

या गाडीचे ब्रेक तेलाच्या दाबावर चालतात. पायाने पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधील तेल नळ्यांतून चारही चाकांकडे ढकलले जाते, तेथील छोट्या सिलिंडरांतील दट्टे बाहेर सरकतात व ब्रेक शू ड्रमवर दाबले जातात. द्रव दाबला जाऊन आकुंचन पावत नाही, या भौतिकशास्त्रातील नियमावर ही सारी रचना उभी आहे. तिचा दुबळेपणाही तेथेच आहे. जुन्या गाडीत चारही चाकांना एकच नळीमार्ग असतो. एका ठिकाणी गळती झाली की चारही ब्रेक एकदम जातात. शिवाय ब्रेकचे तेल हवेतील ओल शोषून घेते आणि ती ओल सिलिंडरांना आतून पोखरते. आमच्या गाडीच्या चारपैकी तीन सिलिंडरांत दट्टे जागीच धरले होते. ती गाडी त्या उतारावरून सुटली असती तर खालच्या वर्दळीत काय झाले असते, हे मुलांना वेगळे सांगावे लागले नाही. तो धरलेला दट्ट्या प्रत्येकाने हातात घेऊन पाहिला.

ड्रममधील धूळ फुंकू नये. जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असते व त्याचे तंतू फुप्फुसांत गेल्यास प्राणघातक रोग होतात. धूळ ओल्या फडक्यानेच पुसावी. सिकंदराबादच्या राणीगंजातून नवे रबर व नळ्या आणल्या. नंतर ‘एअर काढणे’ हे काम आले. एकाने पेडल दाबून धरावे, दुसऱ्याने चाकाजवळचा लहान नट सैल करून नळीचे टोक तेलाच्या बाटलीत बुडवावे, बुडबुडे निघाले की नट आवळावा, मगच पेडल सोडावे. सर्वांत दूरच्या चाकापासून आरंभ करावा. बुडबुडे थांबेपर्यंत आमचे दोन रविवार गेले, कारण हवा दाबली जाते, आणि एवढीशी हवा राहिली तरी पेडल स्पंजासारखे लागते.

गिअर व आस यांतील तेल काढले तेव्हा ते ताकासारखे पांढरे निघाले. पुराचे पाणी आत गेल्याची ही खूण. इंजिन सुदैवाने पाण्याच्या वर होते, तरी दट्ट्यांची कडी सिलिंडरांत धरली होती. अशा वेळी बळ वापरू नये. चारही प्लग काढून प्रत्येक भोकात थोडे तेल व डिझेल यांचे मिश्रण सोडले, आणि रोज संध्याकाळी क्रँकशाफ्टच्या टोकाच्या नटास लांब पाना लावून हलकेच हिसका देत राहिलो. पाचव्या दिवशी तो दोन बोटे फिरला.

पेट्रोलची टाकी हा धोक्याचा भाग. वर्षानुवर्षे राहिलेल्या पेट्रोलचा राळेसारखा चिकट थर होतो, वास वार्निशासारखा येतो. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी अधिक भयंकर, कारण तिच्यात पेट्रोलची वाफ व हवा यांचे स्फोटक मिश्रण असते. म्हणून केबिनचा तळ वेल्डिंगने जोडण्यापूर्वी टाकी काढून दूर नेऊन ठेवली. आजच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते पाणी ओढते व जुन्या रबराला सोसत नाही, म्हणून पेट्रोल पंपाचा पडदा व सर्व रबरी नळ्या बदलल्या. पॉइंट घासून त्यांतील अंतर अर्धा मिलिमीटर केले, ठिणगीचा क्रम 1, 3, 4, 2 असा तपासला. इंजिन सुरू झाले तेव्हा प्रथम निळ्या धुराने आवार भरून गेले. काका काही बोलले नाहीत. त्यांनी जाऊन चिरंजीवांना हाक मारली. धूर निवळल्यावर गाडी आपल्या बळावर वीस पावले पुढे गेली व पेडल दाबताच थांबली. भंगारवाल्याचा विषय त्यानंतर निघालेला नाही.

कागदपत्रांचे काम राहिले आहे. 2021 साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी वेगळ्या नोंदणीचे नियम केले, पण ते दुचाकी व प्रवासी चारचाकींपुरते. मालवाहू गाडी त्यांत बसत नाही. तेव्हा नेहमीच्या वाटेने, तपासणी करवून, नोंदणीचे नूतनीकरण होते काय ते पाहावे लागेल. परिवहन कार्यालय मलकपेठेतच आहे. ते होईपर्यंत गाडी आवाराबाहेर न्यावयाची नाही, असे ठरले आहे. तपासणीस चौकटीवर कोरलेला क्रमांक जुन्या पुस्तिकेशी जुळावा लागतो. गेल्या रविवारी मुलांनी तेथील चिखल घासलेटने धुऊन, पातळ कागद ठेवून पेन्सिलीचा ठसा घेतला. सर्व अंक जुळले. शेवटचा 3 की 8 हे नीट उमटले नाही, म्हणून येत्या रविवारी पुन्हा ठसा घ्यावयाचा आहे.