नाव तेलाचं, काम हातोडीचं

आधीच सांगतो, तेल कमी पडलं नव्हतं. लिटरला 40 मिलि टू-टी ऑइल मी मापून टाकतो. आमच्या वसमतकडे हळदीच्या धुऱ्यावरचं गवत काढायला ब्रश कटर आता घरोघर आहेत. ते इंजिन कसं चालवायचं हे मला कुणी शिकवायला नको.

तेच 52 सीसीचं इंजिन मॉडेल विमानाला लावायचं, तर क्लच निघतो आणि शाफ्टवर प्रॉपेलरचा हब येतो. हबसाठी एका नावाजलेल्या टर्नरकडे गेलो. हब झकास केला, खोटं कशाला बोलू. बसवताना मात्र शाफ्टच्या टोकावर हातोडी. "दादा, ठोकू नका," म्हणालो, तर म्हणे, "ट्रॅक्टरची कामं करतो मी. हे तर खेळणं."

विमान खुंटीला बांधून चालू केलं. स्लोवर ठीक, थ्रॉटल दिला की सगळा सांगाडा थरथरायचा, टाकीत पेट्रोल फेसाळायचं. टर्नर म्हणे, तेल कमी. मग म्हणे, प्रॉपेलर वाकडा. प्रॉपेलर मी बॅलन्स करूनच लावला होता! शेवटी मित्राकडे डायल गेज लावून शाफ्ट फिरवला आणि सुई जी नाचली, ती पाहून डोकं सणकलं. हा क्रँक अखंड नसतो. दोन भाग मधल्या पिनवर प्रेसनं बसवलेले असतात. टोकावर घाव बसला की ते सरकतात. फोटो दाखवला, तर गृहस्थ म्हणाले, "इंजिनच चायनाचं." काम घेताना ते जपानचं होतं काय?

तेव्हा कुणी हे करणार असाल तर:

हब नट आवळून ओढून बसवा, क्लच पुलरनंच काढा. पैसे देण्याआधी, त्याच्यासमोर, डायल गेज लावा.

फ्लायव्हील छाटून हलकं करताना मॅग्नेटसमोरचं वजन घालवू नका. फ्लायव्हीलच पूर्ण काढलं, तर बॅटरीवरचं वेगळं इग्निशन लागतं.

कार्बुरेटर मूळचाच ठेवा. डायफ्रामचा असल्यानं उलटं झालं तरी चालतो, विमानाला तेच हवं.

प्रॉपेलर घेण्याआधी फिरण्याची दिशा बघा. समोरून घड्याळाच्या उलट असेल तर नेहमीचा चालतो, नाहीतर उलट्या पात्यांचा घ्यावा लागतो.

किल स्विच हवाच. 20 इंची प्रॉपेलर 7000 फेऱ्यांवर असताना टोकाचा वेग ताशी 650 किलोमीटरच्या वर जातो. त्याच्या रेषेत कुणालाही उभं करू नका, पोरांना तर नाहीच.

2021 च्या ड्रोन नियमांत 25 किलोपर्यंतचं छंदाचं मॉडेल नजरेच्या टप्प्यात उडवायचं असतं. हवाई हद्दीचा नकाशा आधी पाहा. बाकी, घाई करू नये वगैरे सगळ्यांना ठाऊकच आहे.

आणि बिल घ्या. मी मागितलं, तेव्हा "एवढ्याशा कामाचं कसलं बिल?" म्हणाले. आता तेच विचारतात, "माझ्याकडेच केलं कशावरून?"