फुटबॉलमध्ये करिअर? आधी बालेवाडीची ती मॅच समजून घ्या

मराठवाड्यातल्या पालकांच्या कानावर फिलिपिन्सचं नाव येतं ते डॉक्टरकीच्या निमित्ताने. नीटमध्ये गुण कमी पडले, खासगी कॉलेजची फी झेपेना, की ओळखीतलं कुणीतरी म्हणतंच, ‘दावाओला पाठवा की.’ त्याच फिलिपिन्सच्या मुली ३० जानेवारी २०२२ रोजी आपल्या पुण्यात, बालेवाडीच्या मैदानावर, महिला आशिया चषकाची उपांत्यपूर्व फेरी खेळत होत्या. समोर चिनी तैपेई. सामना १-१ असा सुटला आणि पेनल्टींवर फिलिपिन्सने ४-३ अशी बाजी मारली. या एका विजयावर त्यांनी २०२३च्या महिला विश्वचषकात जागा मिळवली. त्यांच्या पुरुषांना ते आजवर जमलेलं नाही. यजमान भारताचा संघ त्याआधीच बाहेर पडला होता. इराणशी गोलशून्य बरोबरी झाली आणि पुढच्या सामन्याला कोरोनामुळे पुरेशा खेळाडू उभ्या करता आल्या नाहीत.

निर्णायक पेनल्टी मारणारी मुलगी होती सरीना बोल्डेन. फिलिपिनो आणि अमेरिकन अशा मिश्र घरातली, कॅलिफोर्नियात वाढलेली. दीड वर्षाने, २५ जुलै २०२३ला, वेलिंग्टनमध्ये यजमान न्यूझीलंडविरुद्ध तिने हेडरने गोल केला. विश्वचषकातला तिच्या देशाचा तो पहिला गोल, आणि त्याच गोलावर पहिला विजय. त्या संघातल्या बहुतेक जणी अशाच अमेरिकेत वाढलेल्या, आई किंवा वडील फिलिपिन्सचे असलेल्या.

इथे पालकांचा सूर ठरलेला असतो : ‘त्यांचं बरंय हो, अमेरिकेत वाढल्या, दोन पासपोर्ट मिळाले.’ पासपोर्टचं खरं आहे. फिलिपिन्स दुहेरी नागरिकत्व देतं, भारत देत नाही. तुमच्या चुलत्याचा मुलगा लंडनमध्ये किंवा न्यू जर्सीत कितीही चांगला खेळत असला, तरी परदेशस्थ भारतीयांच्या ओसीआय कार्डावर त्याला भारताची जर्सी मिळणार नाही, परदेशी पासपोर्ट सोडावाच लागेल. अराता इझुमीने तो सोडला. आई जपानी, वडील गुजराती, जन्म जपानचा. २०१२ साली त्याने भारतीय नागरिकत्व घेतलं आणि २०१३ मध्ये तो भारताकडून खेळला. अराताकडे पुन्हा येऊ.

मला सरीनाच्या पासपोर्टपेक्षा तिचं कॉलेज महत्त्वाचं वाटतं. ती लॉस एंजेलिसच्या लोयोला मेरीमाउंट विद्यापीठाकडून खेळली. अमेरिकेत विद्यापीठाचा संघ हीच व्यावसायिक खेळाची पायरी असते. सकाळी मैदान, दुपारी वर्ग, आणि अभ्यासात ठरावीक श्रेणी राखली नाही तर संघाबाहेर. जपान, ऑस्ट्रेलिया, इटली इथल्या क्लबांकडून ती खेळली ते त्यानंतर. आपल्याकडे दहावीला मुलाच्या हातून बूट काढून घेतात, नाहीतर बूट राहतात आणि शाळा सुटते. दोन्ही टोकं मुलाचं नुकसान करतात. तरीही मला विचाराल तर दुसरं जास्त धोक्याचं. का, ते अराताच्या कारकिर्दीवरून कळेल.

अराता २००६ मध्ये ईस्ट बंगालकडून भारतात आला. मग मुंबईचा महिंद्रा युनायटेड, मग पुणे एफसी, पुढे इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) इतर संघांबरोबर एफसी पुणे सिटी. यांतले महाराष्ट्रातले क्लब मोजा. महिंद्रा युनायटेड २०१०मध्ये बंद झाला. पुणे एफसीने पुढे गाशा गुंडाळला. एफसी पुणे सिटी २०१९ला संपला. खेळाडू चांगला, राष्ट्रीय संघातला, आणि तरीही तो ज्यांच्याकडून खेळला ते या राज्यातले तिन्ही क्लब आज नाहीत. खेळणं थांबवल्यावर तो प्रशिक्षक झाला आणि नवी मुंबईत रिलायन्स फाउंडेशनच्या निवासी अकादमीत मुलांना शिकवू लागला. २०२५ मध्ये तर आयएसएलचा हंगामच वेळेवर सुरू झाला नाही आणि काही क्लबांनी पगार थांबवले. तेव्हा ‘माझा मुलगा आयएसएलपर्यंत पोचेल का?’ एवढंच विचारून भागणार नाही. पोचला आणि क्लबच बंद पडला तर त्याच्या हातात काय असेल, हेही विचारा.

आता जालन्याचं. कोल्हापुरात पेठापेठांचे संघ आहेत, तालमींची फुटबॉलची चुरस आहे. आपल्याकडे ते वातावरण नाही, हे मान्य करूनच पुढे जाऊ. जालन्याला क्रिकेट कळतं. २०१४च्या १९ वर्षांखालील विश्वचषकात भारताचा कर्णधार विजय झोल जालन्याचाच. पण तेवढ्या उंचीवर जाऊनही भारताच्या मुख्य संघाचं दार उघडलं नाही, हेही जालन्याने पाहिलंय. क्रिकेटमध्ये हे होतं, तर फुटबॉलमध्ये तयारी अधिकच हवी.

सर्वात स्वस्त आणि सर्वात दुर्लक्षित वाट म्हणजे राज्य सरकारची क्रीडा प्रबोधिनी. वय साधारण ८ ते १४, राहणं-जेवण-शिक्षण सरकारी खर्चाने. चाचणीत चेंडू नंतर येतो. आधी उंची-वजन, ३० मीटर धाव, उभ्याने लांब उडी, उभी उडी, मेडिसिन बॉल फेक, सहा गुणिले दहा मीटरची शटल रन, पुढे वाकून लवचिकता आणि शेवटी ८०० मीटर. यातलं जवळपास सगळं जिल्हा परिषद शाळेच्या मैदानावर घटवून घेता येतं : एक टेप, एक स्टॉपवॉच, चुन्याच्या दोन रेघा. मुलं बहुधा अडखळतात ती ८०० मीटरला, कारण सुरुवातीलाच सगळा जोर लावतात. २०१७च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला कोल्हापूरचा अनिकेत जाधव याच प्रबोधिनीतून गेला. वडील रिक्षाचालक. घनसावंगी, मंठा, अंबडकडच्या ज्या घरांतून आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, त्यांच्यासाठी तर मुलाच्या शाळेचा आणि खेळाचा असा एकत्र बंदोबस्त शोधून सापडणार नाही.

प्रबोधिनी हुकली तरी शालेय स्पर्धा आहेत : तालुका, जिल्हा, विभाग, राज्य. सुब्रतो चषक ही शाळांची देशपातळीवरची फुटबॉल स्पर्धाही त्याच साखळीतून जाते. शाळेची नोंदणी वेळेत झाली की नाही हे जुलैमध्येच विचारा, कारण पुष्कळदा संघ असतो आणि अर्ज राहून जातो. प्रत्येक प्रमाणपत्र मूळ प्रतीत जपा. दहावी-बारावीचे सवलतीचे गुण त्यावर मिळतात आणि राज्य सरकारच्या नोकरभरतीत पात्र खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. त्यासाठी क्रीडा खात्याकडून पडताळणी होते, आणि झेरॉक्सवर ती होत नाही.

अकादमीत घालणार असाल तर संचालकाच्या भाषणापेक्षा प्रशिक्षकाचं लायसन्स पाहा. डी, सी, बी, ए अशी ती उतरंड असते. अकादमीला राष्ट्रीय फुटबॉल महासंघाचं मानांकन आहे का तेही विचारा. ‘स्पेनमध्ये ट्रायल’ सांगून लाखो रुपये मागणारा भेटला तर चहा पाजून वाटेला लावा. ज्या क्लबाला खेळाडू खरोखर हवा असतो, तो ट्रायलसाठी घरच्यांकडून लाखो मागत नाही.

मुलींच्या पालकांशी जरा वेगळं बोलायला हवं. आपल्या पट्ट्यात सोळाव्या-सतराव्या वर्षी स्थळं बघायला लागतात, आणि नेमकी तीच वर्षं खेळाडू घडण्याची. इंडियन वुमेन्स लीगच्या क्लबांनी किमान दहा भारतीय खेळाडूंना वर्षाला किमान ३.२ लाख रुपयांचा करार द्यावा, असं महासंघाने २०२३ मध्ये ठरवलं. रक्कम श्रीमंत करणारी नाही, पण बी.ए. करत करत मिळाली तर घरात मुलीचा शब्द चालायला पुरेशी आहे. मुलींच्या फुटबॉलमध्ये स्पर्धकही अजून कमी आहेत, त्यामुळे चांगल्या धावणाऱ्या मुलीला विभागापर्यंत पोचणं मुलापेक्षा सोपं जातं.

बारावीनंतर फिजिओथेरपी, रेफ्रीची परीक्षा किंवा प्रशिक्षकाचं डी लायसन्स, नाहीतर पदवीनंतर बी.पी.एड., यांपैकी एक काहीतरी खेळत असतानाच सुरू करा. वाणिज्य शाखेतली मुलं क्लबांच्या ऑफिसातही लागतात. खेळ सुटल्यावर बघू, असं म्हणणाऱ्याला तोपर्यंत उशीर झालेला असतो. अराताला प्रशिक्षक होता आलं, पण प्रत्येकाच्या मागे राष्ट्रीय संघाचं नाव नसतं.

आणि एक काम याच आठवड्यात करा. मुलाचा शाळेचा दाखला काढून जन्मतारीख बघा. आपल्याकडे गुरुजींनी १ जून लिहून टाकलेली कितीतरी मुलं अजून निघतात. ग्रामपंचायतीच्या किंवा दवाखान्याच्या नोंदीशी ती जुळत नसेल, तर शाळेत रीतसर अर्ज देऊन दुरुस्त करून घ्या. वयोगटाच्या स्पर्धांत मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय पाहतात. कागदावर दोन वर्षं लहान केलेलं पोर तिथे पकडलं जातं, आणि वय न चोरलेलं पोरही कागद न जुळल्याने निवडीच्या दिवशी रेषेबाहेर बसतं.