सुडाची कथा आणि ती पाहणारे

शास्त्रवाचन : उत्पत्ति ४२ ते ४५, २ शमुवेल १२:१-७

या पाठात एका परदेशी मालिकेचे नाव पाहून काहींच्या कपाळाला आठ्या पडतील. पण आपल्याला तपासावयाचे आहे ते पाहणाऱ्यांचे मन, आणि त्यासाठी हे उदाहरण फार उपयोगी आहे.

दक्षिण कोरियात नोव्हेंबर २००८ ते मे २००९ या काळात एसबीएस वाहिनीवर ‘पत्नीचे प्रलोभन’ अशा अर्थाच्या नावाची १२९ भागांची मालिका चालली. लेखिका किम सून-ओक. नवरा बायकोच्या मैत्रिणीच्या नादी लागतो आणि गरोदर बायकोला समुद्रात बुडू देतो. ती वाचते, नवे नाव घेऊन परत येते, त्याच नवऱ्याला आपल्या प्रेमात पाडते आणि त्याचे घर धुळीस मिळविते. चेहऱ्यात म्हणण्याजोगा फरक काय, तर डोळ्याखाली एक तीळ! एवढ्यावर, तिच्याशी संसार केलेला माणूस तिला ओळखत नाही.

लोक हसले. विनोदी कार्यक्रमांत नट-नट्या गालावर तीळ रंगवून नक्कल करू लागले. टीकाकारांनी झोडपले. तरीही भरात असताना सुमारे ४० टक्के घरांतून ही मालिका पाहिली जात होती, आणि नायिका झालेल्या जांग सो-ही यांना २००९ साली त्या वाहिनीचा अभिनयाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. तिकडे या पाहण्याला ‘शिव्या घालीत पाहणे’ असेच म्हणतात. अशा मालिकांना ‘माकजांग’ हे नाव आहे. मूळ अर्थ कोळशाच्या खाणीतील अगदी शेवटचे टोक. जाता जाता सांगावेसे वाटते की, २००९ साली तेथील सरकारी कोळसा महामंडळाच्या प्रमुखांनी जाहीर विनंती केली होती : जेथे मजूर जीव धोक्यात घालून घाम गाळतात, त्या जागेचे नाव असे हिणकस अर्थाने वापरू नका. मालिकेवरील सर्व टीकेत मला हीच तक्रार सर्वांत रास्त वाटते.

आपण कोरियाच्या लोकांना हसण्याचे कारण नाही. १९८८ साली ‘खून भरी मांग’मध्ये नवऱ्याने मगरीच्या तोंडी दिलेली रेखा नवा चेहरा घेऊन परतली, तेव्हा आपल्याकडेही चित्रपटगृहांत गर्दी झालीच. ती कथाही १९८३ च्या एका ऑस्ट्रेलियन मालिकेवरून घेतलेली. तीन देश, तीन भाषा, आणि टाळी एकाच ठिकाणी!

ही टाळी कशासाठी? वडील मंडळी म्हणतात, लोकांना सूड आवडतो. हे उत्तर मला अपुरे वाटते. जिने घरात मुकाट्याने सोसले, जिचे म्हणणे सासरी वा माहेरी कोणी ऐकून घेतले नाही, ती पडद्यासमोर बसून रक्त मागत नसते. अपराध्याच्या तोंडावर कोणीतरी एकदा म्हणावे, ‘तू हे केलेस’, एवढेच तिला हवे असते. तिळाची अडचण तिला वाटत नाही. माणूस रोजच्या सोबतीतही ओळखला जात नाही, हे ती जाणते. अशा बहिणीला ‘असले पाहू नका’ एवढेच सांगून उठणे म्हणजे तिचे ऐकून न घेणाऱ्यांत आणखी एकाची भर घालणे होय.

परंतु टाळीत धोकाही आहे. नाथानाने मेंढीची गोष्ट सांगितली तेव्हा दावीद राजा उत्तम प्रेक्षक ठरला. त्याचा संताप खरा होता आणि त्याने शिक्षाही ताबडतोब सुनावली. त्या गोष्टीतील दुष्ट मनुष्य आपणच असू, हे मात्र त्याच्या ध्यानात आले नाही. कथा पाहताना आपण नेहमी सोसणाऱ्याच्याच जागी बसतो. सुनेचे हाल पाहून डोळे पुसणाऱ्या घरात सून कशी राहते, हे कोण विचारतो?

आता योसेफाकडे पाहा. मिसरी नाव, मिसरी पोशाख, मधे दुभाष्या. त्याने भावांना ओळखले, भावांनी त्याला नाही. मालिकेला हवी ती सर्व सामग्री येथे आहे. आणि योसेफ लगेच क्षमा करीत नाही, हे आपण उपदेशात घाईने ओलांडतो. तो त्यांना तीन दिवस अटकेत ठेवतो, शिमोनाला बांधतो, बन्यामिनाच्या गोणीत प्याला लपवितो. भाऊ आपला अपराध आपसांत कबूल करतात, तेव्हा तो बाजूला जाऊन रडतो. पुढे यहूदा बन्यामिनाऐवजी स्वतः दास व्हावयास तयार होतो, तेव्हा योसेफाला आवरत नाही आणि तो आपले खरे नाव सांगतो. कोरियातील कथेत नवरा आणि ती मैत्रीण अखेर समुद्रात मरतात. पाहणाऱ्याचा हिशेब पुरा होतो, पण समेटाला कोणी उरत नाही.

महिला मंडळात किंवा तरुण संघात हा पाठ घेताना ४४ व्या अध्यायातील यहूदाचे भाषण एकाने मोठ्याने वाचावे. योसेफाच्या जागी आपण असतो तर कोणत्या वाक्याला थांबलो असतो, की थांबलोच नसतो, हे प्रत्येकाने सांगावे. ज्यांना सांगावयाचे नसेल त्यांना आग्रह करू नये.