खुर्चीबरोबर मानही हवा

७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून पंचायतींत स्त्रियांना किमान एक-तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये हे प्रमाण ५० टक्के केले. तथापि, कायद्याने खुर्ची मिळते. मान मात्र कचेरीतील रीतीने ठरतो. सरपंच स्त्री असूनही कागद तिच्या पतीपुढे ठेवला गेला, तर अधिकार नावापुरता उरतो. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कार्यालयात अंतर्गत समिती बंधनकारक आहे. परंतु प्रमुखच तक्रार थट्टेवारी नेत असेल, तर समितीकडे जाण्यास कोणी धजावणार नाही. म्हणून ग्रामपंचायत अधिकाऱ्याने कागद सरपंचबाईंच्याच हाती द्यावा, मुख्याध्यापकांनी शिक्षिकेचे म्हणणे पूर्ण ऐकून घ्यावे. प्रमुख जसा वागतो, तशीच कार्यालयाची रीत पडते.