चित्रफितींचे स्रोत: नाव आणि पत्ता

मद्रास शहराचे अधिकृत नाव १९९६ मध्ये चेन्नई असे झाले. परंतु १९५९ साली तेथे स्थापन झालेली तंत्रज्ञान संस्था आजही आयआयटी मद्रास याच नावाने ओळखली जाते. पत्त्यातील शहराचे नाव बदलले, संस्थेचे बदलले नाही. संगणकाच्या आज्ञावलीत चित्रफितींचे स्रोत नोंदविताना नाव आणि पत्ता यांतील हाच भेद सांभाळावा लागतो.

ही संस्था, इतर सहा आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ मध्ये एनपीटीईएल हा उपक्रम हाती घेतला. अभियांत्रिकीची व्याख्याने मुद्रित करून ती कोणालाही विनामूल्य पाहता यावीत, हा त्याचा हेतू. पुढे जुलै २०१७ मध्ये केंद्र सरकारने ‘स्वयंप्रभा’ या नावाने ३२ शैक्षणिक वाहिन्या उपग्रहाद्वारे सुरू केल्या. दररोज किमान चार तासांचे नवे कार्यक्रम आणि त्यांचीच दिवसभरात आणखी पाच वेळा पुनरावृत्ती, अशी त्यांची योजना होती. अशी वाहिनी म्हणजे मुख्यतः आधीच मुद्रित झालेल्या फितींची माळ. तीच माळ उपग्रहाऐवजी क्लाउड सेवेच्या साहाय्याने इंटरनेटवर गुंफावयाची असेल, तर काय करावे लागते ते आता पाहू. उदाहरणादाखल ॲमेझॉनची मीडियाटेलर ही सेवा घेऊ.

ही सेवा मूळ व्याख्यानांचे कोठार नव्हे. ती कोठून आणावयाची हे तिला सांगावे लागते. हे सांगणे दोन पायऱ्यांनी होते. प्रत्यक्षात या ओळी रोमन लिपीत लिहितात. सोयीसाठी येथे नागरीत मांडू:

स्रोतस्थान: नाव = व्याख्यानकोठार, मूळपत्ता = कोठाराचा पत्ता
स्रोत: नाव = स्थापत्य-१, स्थान = व्याख्यानकोठार, मार्ग = स्थापत्य/पहिले, प्रकार = एचएलएस, गट = मुख्य

नवशिक्याला ही विभागणी निरर्थक वाटते. तो प्रत्येक व्याख्यानापुढे संपूर्ण पत्ता लिहून मोकळा होतो, आणि काही काळ सर्व सुरळीत चालतेही. मग एके दिवशी कोठार दुसरीकडे हलविले जाते. पाचशे व्याख्याने असतील तर पाचशे ओळी दुरुस्त कराव्या लागतात. त्यांतील एक नजरेतून सुटली, की त्या व्याख्यानाची पाळी येताच पडदा कोरा राहतो. दिवसभर काम करून मध्यरात्रीच्या पुनरावृत्तीसाठी जागत बसलेल्या विद्यार्थ्याला त्याचे कारण कळण्याचा मार्ग नसतो. मूळ पत्ता एकाच ठिकाणी असेल आणि नव्या कोठारात आतील मार्ग तेच ठेवले असतील, तर एक ओळ बदलली की काम भागते. वेळापत्रकात केवळ नावे असतात. त्याला धक्का लागत नाही.

‘प्रकार’ आणि ‘गट’ यांविषयी थोडे सांगितले पाहिजे. एचएलएस ही पद्धती ॲपलने २००९ मध्ये आणली, डॅश हे मानक २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. दोहोंत चित्रफीत काही सेकंदांच्या तुकड्यांत विभागलेली असते आणि तुकड्यांची यादी निराळी असते. एकाच व्याख्यानाच्या उच्च, मध्यम व अल्प दर्जाच्या प्रती ठेवतात. प्रेक्षकाचा दुवा जेवढा रुंद, तेवढी प्रत त्याला मिळते. चेन्नईहून अंदमानला जाणारी सुमारे २,३०० किलोमीटरची समुद्रतळाची केबल ऑगस्ट २०२० मध्ये कार्यान्वित होण्यापूर्वी त्या बेटांना मुख्यतः उपग्रहाच्या अरुंद मार्गावर भागवावे लागे. तेथील प्रेक्षकाला अल्प दर्जाची प्रत म्हणजे दुय्यम माल नव्हे. पाहावयाचे तर तीच.

वाहिनी आपल्या स्रोतांकडे गटाच्या नावानेच मागणी करते. म्हणून एका स्रोतात ‘मुख्य’ आणि दुसऱ्यात ‘मुख्य-१’ असे लिहून चालत नाही. सर्व व्याख्यानांच्या दर्जांची संख्याही सारखी ठेवावी. पहिल्या फितीत चार प्रती आणि पुढचीत दोनच, असे असल्यास सांध्यावर अडखळ येते.

कोठाराला कुलूप असेल, तर त्याची किल्ली आज्ञावलीत लिहू नये. ती स्वतंत्र गुप्तसंग्रहात ठेवून येथे फक्त तिचा निर्देश करावा. शेवटी, वेळापत्रकात नाव घालण्यापूर्वी मूळ पत्ता आणि मार्ग जोडून तुकड्यांची यादी खरोखर मिळते का, हे प्रत्येक स्रोतासाठी तपासून घ्यावे. ही तपासणीही आज्ञावलीकडूनच करविता येते.