छतातले दिवे : वीजबिल वाचवा, डोळेही सांभाळा

जळोची, रुई, तांदुळवाडी ते थेट काटफळपर्यंत, बारामती एमआयडीसीच्या परिसरात आज घराचे नूतनीकरण निघाले की पीओपीचे छत आणि त्यात बसवलेले एलईडी दिवे ठरलेलेच. दिव्यांचा रंग आणि संख्या बहुधा ठेकेदारच ठरवतो. नंतर डोळे दुखणे, झोप न लागणे, म्हाताऱ्या माणसांना झगझगाट सहन न होणे अशा तक्रारी घेऊन लोक माझ्यासारख्या नेत्रतज्ज्ञाकडे येतात. म्हणून आज थोडे या दिव्यांविषयी.

वॅट नव्हे, ल्युमेन पाहा

वॅट म्हणजे दिवा किती वीज खातो आणि ल्युमेन म्हणजे किती उजेड देतो. जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब सुमारे ७०० ते ८०० ल्युमेन उजेड देई. तेवढा उजेड एलईडी ८ ते ९ वॅटमध्ये देतो. दहा बाय बाराच्या खोलीला साधारण २००० ल्युमेन पुरतात, म्हणजे ६ वॅटचे चार दिवे. पूर्वीच्या दोन बल्बना १२० वॅट लागत, आता २४. रोज पाच तास धरले तर महिन्याला सुमारे १४ युनिट वाचतात. पण त्याच खोलीत हौसेने १२ वॅटचे दहा दिवे लावले, तर पुन्हा १२० वॅटच झाले! बचतही गेली आणि डोळेही दिपले.

रंग कोणता?

खोक्यावर केल्विनचा आकडा असतो. ६५०० म्हणजे निळसर पांढरा, ४००० मध्यम, ३००० किंवा त्याखालचा पिवळसर. रात्रीच्या तीव्र निळसर उजेडाने झोप आणणारे मेलाटोनिन हे संप्रेरक कमी स्रवते. असे दिवे डोळ्यांचा पडदा जाळतात ही भीती मात्र अनाठायी आहे. घरगुती दिव्यांचा खरा परिणाम झोपेवर होतो. निजण्याच्या खोलीत ३००० केल्विनचे, तर स्वयंपाकघर व अभ्यासाच्या जागी ४००० केल्विनचे दिवे लावावेत. रात्रपाळी करून सकाळी घरी येणाऱ्या कामगार बंधूंनी तर हे कटाक्षाने पाळावे. जोडीला खिडकीला जाड पडदा हवाच.

जागा चुकली की डोके दुखते

दिवा पंख्याच्या पात्यांच्या वर येता कामा नये. पाती उजेड कापत राहतात आणि खोलीभर सावल्या फिरतात. त्याने अनेकांचे डोके दुखते. दिवा पलंगावर उशीच्या बरोबर वर नको. मुलाच्या पाठीमागे दिवा असेल तर वहीवर त्याचीच सावली पडते. अभ्यासाला टेबलावर वेगळा दिवा द्यावा. वीजकण उघडे न दिसणारा, छतात खोल बसणारा किंवा दुधी झाकणाचा दिवा डोळ्यांना सुखाचा.

आजी-आजोबांसाठी

साठीच्या माणसाच्या डोळ्यातील पडद्यापर्यंत विशीतल्या तरुणाच्या सुमारे एक तृतीयांशच उजेड पोचतो. मोतीबिंदू असेल तर झगझगाटाचा त्रास आणखी वाढतो. त्यांना उजेड जास्त हवा, पण पसरलेला. पलंगापासून संडासापर्यंतच्या वाटेवर, जमिनीलगत, मंद पिवळा दिवा रात्रभर ठेवा. अर्ध्या वॅटच्या त्या दिव्याला महिन्याकाठी पाव युनिटही लागत नाही. अंधारात पडून खुब्याचे हाड मोडले तर घरच अंथरुणाला खिळते.

खरेदी करताना

१. आयएसआय किंवा बीआयएस नोंदणीची खूण आणि ल्युमेनचा आकडा पाहा. एका वॅटला निदान ८० ल्युमेन हवेत.
२. सीआरआय ८० च्या वर असावा, म्हणजे भाजीचा, औषधाच्या गोळीचा रंग खरा दिसतो.
३. दिवा लावून मोबाईलच्या कॅमेऱ्यातून पाहा. ठळक काळे पट्टे सरकताना दिसले तर तो लुकलुकतो, दुसरा घ्या.
४. उष्णतेने एलईडीचे आयुष्य घटते. दिव्याच्या वर छतात मोकळी जागा ठेवा, वारंटीची पावती जपा.
५. दोन-दोन दिव्यांना वेगळे बटण ठेवा. गरजेपुरतेच लावता येतील.

दिवे बदलूनही डोकेदुखी थांबली नाही, तर दोष दिव्याला देत बसू नका. चष्म्याचा नंबर, डोळ्यांचा दाब आणि रक्तदाब तपासून घ्या. पीओपीवाल्याने छताला भोके पाडण्यापूर्वी खोलीत उभे राहून पलंग, पंखा आणि टेबल कोठे येणार हे खडूने आखून द्या. हे काम पाच मिनिटांचे आहे, पण त्याचा उपयोग वर्षानुवर्षे होईल.